दहा माणसांची बाटली

कुंजंबू मास्तरांना फक्त आपल्या थोरल्या बहिणीला लस टोचून आणायची होती. एवढंच. उत्तर केरळातल्या पुळिक्कर गावचं आरोग्य केंद्र घरापासून चालत बारा मिनिटांवर, लस फुकट, बहीण हिंडती-फिरती. दुसऱ्या कुणी हे काम सकाळच्या चहानंतर उरकून दुपारी घरी येऊन मासे साफ करायला घेतले असते. मास्तरांना त्यासाठी सात आठवडे लागले. शिवाय चार बैठका, एक उपसमिती, एक जीप आणि स्वतःचं मरण. मरण खोटं होतं, पण त्याचा त्रास खऱ्यासारखाच झाला.

ही गोष्ट करोनाच्या बरीच आधीची. तेव्हा लस हा लहान मुलांचा विषय होता. म्हातारी माणसं मुलांना धरून ठेवायचं काम करत. त्यामुळे केंद्रातल्या सिस्टर लिझम्माने वाचनालयाच्या भिंतीवर ‘साठीपुढील नागरिकांसाठी न्यूमोनियाची नवी लस’ असा कागद चिकटवला, तेव्हा लोकांना वाटलं वय लिहिताना तिची काहीतरी चूक झाली असणार. मास्तर वाचनालयाचे सचिव. त्यांनी कागद चार वेळा वाचला, ‘नागरिक’मधली वेलांटी पेनाने दुरुस्त केली आणि घरी आले.

मास्तरांचं वय बहात्तर. लग्न करायचं राहून गेलं; त्या वयात ते काहीतरी वाचत होते. निवृत्त झाल्यावर ते विधवा बहिणीच्या घरी राहायला आले. तिचं नाव चिरुता, पण सगळं गाव तिला एच्ची म्हणजे ताई म्हणे. वय एकोणऐंशी. मागच्या पावसाळ्यात ती बारा दिवस खोकली होती, आणि त्या बारा दिवसांत मास्तरांना या घराचा तिच्याशिवाय विचारच करता आला नव्हता. ते स्वतः त्याच पावसाळ्यात पाच आठवडे खोकले होते, पण ते पुस्तकांच्या धुळीमुळे, असं त्यांचं मत होतं.

“एच्ची, नवी लस आलीय. छातीसाठी.”

एच्ची नारळ खवत होती. “कुणाच्या छातीसाठी?”

“तुझ्या.”

“एकटी नाही जाणार मी. लिझम्मा म्हणते एका बाटलीत दहा जणांचं असतं, आणि दहा माणसं समोर बसल्याशिवाय ती बाटली उघडत नाही. मी एकटी जाऊन काय तिथल्या भिंती बघू? तू दहा जण जमव. मी बसते त्यांच्यात.”

“बसशील ना नक्की?”

“बसते म्हटलं ना.”

मास्तरांना हायसं वाटलं. बहीण तयार झाली म्हणून तर वाटलंच, पण ‘आधी तू घे’ असं ती म्हणाली नाही म्हणून जास्त वाटलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती गावात कुणालाच ठाऊक नव्हती. मास्तरांना सुईची भीती वाटे. साधी नव्हे, हातपाय गार पडावेत अशी. सात वर्षांचे असताना देवीची लस टोचणारा माणूस शाळेत आला, तेव्हा ते भाताच्या कोठारात शिरले आणि संध्याकाळी अंगभर कुसं घेऊन बाहेर आले. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी गोळ्या आणि काढे यांवर काढलं. दाढ काढताना भुलीचं इंजेक्शन नको म्हणाले आणि तशीच उपटून घेतली. तेव्हापासून गावात ते मोठे धीराचे समजले जातात. मास्तरांनी हा गैरसमज दूर करायचं पुष्कळदा मनात आणलं. पण विषय कसा काढावा ते सुचलं नाही.

दहा नावं मिळवायला ते वाचनालयात गेले. हीच पहिली चूक. पण पुळिक्करचा माणूस दुसरीकडे जाईल कुठे? विहिरीचा गाळ काढायचा असो की मुलीला पाहायला येणाऱ्यांना बसवायचं कुठे हे ठरवायचं असो, गोष्ट वाचनालयाच्या बैठकीत आल्याशिवाय इथे खरी झाली असं कुणी मानत नाही. अध्यक्ष करुणन. सारी उमर विड्या वळण्यात गेली, पण कारखान्यात रोज मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवत, ते ऐकून ऐकून त्यांना सर्व विषयांची माहिती होती. बावीस वर्षं अध्यक्ष होते.

“मास्तर, हा विषय पत्रिकेवर नाही,” करुणन म्हणाले.

“नुसती दहा नावं हवी होती, करुणेट्टा.” एट्टा म्हणजे दादा.

“नावं म्हणजे निर्णय. निर्णयाआधी चर्चा. चर्चेआधी पत्रिका. पुढच्या बुधवारी.”

पुढच्या बुधवारी नेहमीच्या आठाऐवजी एकतीस माणसं आली. पहिले उठले कोमन वैद्यर. वय ऐंशी, पांढरी शेंडी, अंगाला कायम तेलाचा वास.

“मी दर पावसाळ्यात महिनाभर औषधी कांजी पितो,” वैद्यर म्हणाले. “मला कधी न्यूमोनिया झालेला पाहिलाय कुणी?”

“दोनदा,” मम्मू हाजी म्हणाले. हाजी तीस वर्षं आखातात दुकान चालवून परत आलेले. गावातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा मोठी गोष्ट त्यांनी तिकडे पाहिलेली असे.

“दोनदा झाला. पण लस न घेता बरा झालो की नाही?”

यावर सभेत माना डोलावल्या गेल्या. तर्कात कुठेतरी खोट होती, ती मास्तरांना दिसलीही, पण ती शब्दांत मांडेपर्यंत हाजी बोलायला लागले होते.

“लशीचं मला विचारा. हजला जाण्याआधी तीन घेतल्या. त्यातली एक सुई एवढी होती.” हाजींनी मनगटापासून कोपरापर्यंत दाखवलं. “इकडून घातली की तिकडून दिसते.”

मास्तरांनी टेबलाची कड धरली.

करुणननी घंटी वाजवली. “मूळ मुद्दा राहिला. ही लस कोणत्या देशाची?”

हा प्रश्न पुळिक्करला फार महत्त्वाचा; अर्धं गाव लाल झेंड्याचं, अर्धं त्याच्या विरोधातलं. क्युबाची असती तर अर्धी सभा तिथल्या तिथे बाही वर करून बसली असती, आणि उरलेल्या अर्ध्या सभेने त्याच कारणासाठी बाही खाली केली असती. सिस्टर लिझम्माला बोलावणं गेलं. ती दारातूनच म्हणाली, “हैदराबादेत बनते.”

सभा गोंधळली. हैदराबादबद्दल कुणाचंच काही धोरण नव्हतं.

“आधी कुणाला देऊन बघितली?” मागून एकाने विचारलं.

“परदेशात. हजारो म्हाताऱ्यांना.”

“गोऱ्या म्हाताऱ्यांना?” वैद्यर म्हणाले. “त्यांची छाती पाव खाऊन झालेली. आपली भाताची. पावावर चाललं ते भातावर चालेल कशावरून?”

लिझम्माने मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी पंख्याकडे. शेवटी ठराव झाला की लशीचा सर्व बाजूंनी अभ्यास करावा आणि मास्तर, वैद्यर व हाजी यांच्या उपसमितीने माहितीपुस्तिका काढावी. म्हणजे मास्तरांनी लिहावी आणि बाकीच्या दोघांनी ती नापसंत करावी.

मास्तरांनी तीन आठवडे खपून अकरा पानं लिहिली. दोष असेल तर हा की ते फार प्रामाणिक होते. लशीचा फायदा एका पानावर सांगितला की त्यांना वाटे, आपण एकांगी तर होत नाही ना? मग ते दुसऱ्या पानावर शंका मांडत. ‘दंड दुखू शकतो, क्वचित ताप येऊ शकतो, अतिक्वचित काय होऊ शकतं याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही.’ तळटीपा चौदा. पुस्तिका वाटून झाल्यावर निवृत्त पोस्टमन त्यांना वाटेत भेटला. “मास्तर, फार सुंदर लिहिलंय,” तो म्हणाला. “वाचायच्या आधी मी लस घेणार होतो.”

घरी एच्ची रोज विचारी, “किती झाले?”

“अभ्यास चाललाय.”

“पावसाला दोन महिने राहिले, तेवढं अभ्यासात धर.”

तिसऱ्या बैठकीत करुणन म्हणाले की नुसत्या कागदाने लोक उठत नाहीत, चळवळीला चेहरा लागतो. चेहरा कुणाचा? सगळी सभा मास्तरांकडे वळली. जो माणूस भूल न घेता दाढ काढतो, त्याच्यापेक्षा चांगला चेहरा पुळिक्करमध्ये नव्हता. मास्तर नको नको म्हणत असताना टाळ्या झाल्या. एक जीप भोंगा लावून गावभर फिरवायची, आणि चौकात मास्तरांच्या फोटोचा फ्लेक्स लावायचा असं ठरलं.

जीपने आपलं काम ठीक केलं; लस घ्यायला तेवीस नावं आली. फ्लेक्सचं मात्र विपरीत झालं. पय्यन्नूरच्या छपाईवाल्याकडे पुळिक्कर वाचनालय आजवर एकाच प्रकारचा फ्लेक्स टाकत आलं होतं: सभासद वारला की. त्यामुळे वाचनालयाचं नाव आणि म्हाताऱ्या माणसाचा पासपोर्ट फोटो दिसताच त्याने काही न विचारता नेहमीचा नमुना काढला. काळी चौकट, कोपऱ्यात तेवता दिवा, फोटोभोवती पांढरी फुलं. मजकूर मात्र दिला तसाच छापला:

‘कुंजंबू मास्तर. न्यूमोनियाची नवी लस. येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता. सर्वांनी यावे.’

सहा फूट उंचीचा हा फ्लेक्स बुधवारी सकाळी चौकात लागला. सात वाजताच्या बसमधून जाणाऱ्यांनी तो वाचला आणि त्यांना जे समजायचं ते समजलं. लस घेतली, मास्तर गेले, शनिवारी दहाला शोकसभा. साडेसातला मास्तरांचा फोन वाजला.

“मी तळिपरंबाहून बोलतोय,” रडवेला आवाज आला. “मास्तरांचा विद्यार्थी. एकोणऐंशी सालचा. फार वाईट झालं हो.”

“अरे, मीच बोलतोय.”

“आवाज अगदी मास्तरांसारखा आहे तुमचा. धाकटे भाऊ का?”

मास्तरांनी त्याला पटवायचा प्रयत्न केला. पण समोरचा माणूस इतक्या मनापासून त्यांच्या चांगुलपणाबद्दल बोलत होता की त्याला मध्येच तोडणं त्यांना असभ्य वाटलं. शिवाय कुतूहलही होतं. आठ वाजता शेजारच्या गावच्या शिक्षक संघटनेचे दोघे पुष्पचक्र घेऊन दारात आले. एच्चीने दार उघडलं, पुष्पचक्राकडे पाहिलं आणि म्हणाली, “ठेवा तिकडे कोपऱ्यात. चहा घेणार? तोही घेतोय.”

करुणननी तातडीने फ्लेक्स काढवला आणि मास्तरांना सांगितलं, “आता एकच उपाय. तुम्ही गावभर फिरा. जिवंत दिसा.”

मास्तर छत्री घेऊन निघाले. जिवंत दिसायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे कळेना, म्हणून ते ओळख नसलेल्यांनाही हात करू लागले. चहाच्या टपरीवर कोमन वैद्यर बसले होते. त्यांनी मास्तरांची नाडी पाहिली आणि ती चालू असल्याचं चारचौघांत जाहीर केलं.

“पण मास्तर, लस घेतलीत का?” टपरीवाल्याने विचारलं.

“अजून नाही.”

“बघा,” टपरीवाला बाकीच्यांना म्हणाला. “म्हणून जिवंत आहेत.”

संध्याकाळपर्यंत तेवीस जणांची यादी चारवर आली.

मास्तर त्या रात्री जेवले नाहीत. आपल्या हातून आजवर कुठलीच गोष्ट धड झाली नाही, अशी एक यादी त्यांच्या डोक्यात जुन्या काळापासून तयार होती. ते ती वाचत बसले. एच्चीने कांजीचं ताट पुढे सरकवलं.

“चार तर चार. आणखी सहा आण.”

“तू एकटीच चल ना गं. मी लिझम्माचे पाय धरतो.”

“दहा जण म्हटलं की दहा जण.” एच्चीच्या आवाजात असं काही होतं की ते उरलेल्या घरांची नावं आठवू लागले. पावसाळा जवळ येत होता. त्यांना पुन्हा ते बारा दिवस नको होते.

म्हणून पुढचे दोन दिवस हा लाजाळू माणूस, ज्याने आयुष्यात शेजाऱ्याकडे साखर मागितली नव्हती, घरोघर जाऊन माणसं मागत फिरला. मिळाली ती कशीबशी. करुणन आले, कारण चौथ्या बैठकीत लस घेण्याचा ठराव अकरा विरुद्ध नऊ मतांनी मंजूर झाला होता आणि अध्यक्षाला ठराव मोडता येत नाही. हाजी आले, हजच्या लशीशी तुलना करायला. त्यांची बायको कदीजा आली, हाजी घाबरतात का ते बघायला. देवकी आणि यशोदा या बहिणी एका फणसाच्या झाडावरून सोळा वर्षं बोलत नव्हत्या. देवकी येणार म्हणून यशोदा आली आणि यशोदा येणार म्हणून देवकी. निवृत्त पोस्टमन आला, पुस्तिका शेवटपर्यंत वाचायची राहिली होती म्हणून. माडावर चढून माडी काढणारा अंबू आला. उरलेले दोघे चष्मे फुकट मिळणार आहेत या समजुतीने आले, आणि मास्तरांनी, हे लिहिताना वाईट वाटतं, त्यांचा समज दूर केला नाही. हे नऊ. एच्ची दहावी.

वैद्यरांनी कळवलं की ते निरीक्षक म्हणून हजर राहतील, पण लस घेणार नाहीत.

शनिवारी वाचनालयात दहा खुर्च्या मांडल्या. सिस्टर लिझम्मा निळा डबा घेऊन आली आणि हातमोजे घालून बसली. “दहा बसले की सांगा. एकदा उघडली की सहा तासांत संपवावी लागते. उरलं तर फेकायचं.”

दहा वाजता आठ होते. सव्वादहाला नऊ. पोस्टमन आला तेव्हा अंबू लघवीला गेला. अंबू आला तेव्हा यशोदा उठली, कारण तिला देवकीच्या शेजारची खुर्ची आली होती. खुर्च्या बदलल्या. मग चष्मेवाल्यांपैकी एकाने विचारलं, “नंबर कधी तपासणार?” त्याला उत्तर देण्यात मास्तरांची दहा मिनिटं गेली. मास्तर नोंदवही छातीशी धरून रांगेपुढून फिरत, मोजत, पुन्हा मोजत. आपण स्वतः बहात्तर वर्षांचे आहोत, हे त्यांनी त्या सकाळी कुठल्याच मोजणीत धरलं नव्हतं. संयोजकाला कसं धरणार?

अकराला पाच मिनिटं असताना दहाही खुर्च्या भरल्या. एच्ची सगळ्यात शेवटी, दाराजवळच्या खुर्चीत, पदर नीट करून बसली.

“दोन शब्द बोला, मास्तर,” करुणन म्हणाले.

मास्तर बोलले. बाजूला उभं राहायचं ठरलेलं असलं की माणसाला चांगलं बोलता येतं. “मित्रहो, ही बाटली म्हणजे दहा माणसांचा श्वास आहे. ती तयार करायला किती जणांनी रात्रीचे दिवस केले असतील. यातला एक थेंबही वाया जाणं हा अपराध ठरेल. ज्याच्या वाट्याला थेंब आला, त्याने मागे हटू नये.” टाळ्या झाल्या. वैद्यरांनीही दोन वाजवल्या.

लिझम्माने बाटलीचं झाकण काढलं. मास्तर खिडकीशी जाऊन बाहेरच्या सुपारीच्या झाडाचा बारकाईने अभ्यास करू लागले. मागून आवाज येत होते. करुणन म्हणाले, “हं, घाला.” हाजी म्हणाले, “एवढीच? ही काय सुई आहे?” आणि लगेच, “या अल्ला!” कदीजा हसली. मग देवकी, मग यशोदा. अंबूने डोळे गच्च मिटून माडावर चढतो तसा खुर्चीचा दांडा धरला. चष्मेवाले दोघे अजून समजून घेत होते तेवढ्यात झालं.

“नऊ,” लिझम्मा म्हणाली. “आता एच्ची.”

“माझं झालंय,” एच्ची म्हणाली.

मास्तर वळले. “काय झालंय?”

“लस. नाताळात लेकीकडे, रमाकडे मंगळुरूला गेले होते ना, पंधरा दिवस? तिथल्या डॉक्टरांनी दिली. हीच.” एच्चीने कमरेच्या पानाच्या पिशवीतून घडी घातलेलं एक कार्ड काढलं आणि लिझम्मासमोर धरलं. लिझम्माने ते वाचल्यासारखं केलं. तिला मुळीच आश्चर्य वाटलं नव्हतं, हे मास्तरांच्याही लक्षात आलं.

“मग तू इथे का बसलीस?”

“दहा झाल्याशिवाय ती बाटली उघडत नाही ना.”

लिझम्माने दहावी सुई भरली आणि उभी धरली. करुणननी घसा साफ केला.

“एक डोस शिल्लक आहे. थेंब वाया घालवणं हा अपराध, असं आत्ता कोण म्हणालं?”

“सचिव,” नऊ जण म्हणाले.

मास्तरांनी वैद्यरांकडे बोट केलं. “वैद्यर आहेत की!”

“मी निरीक्षक,” वैद्यर घाईने म्हणाले आणि भिंतीला टेकले.

“माझ्याकडे वयाचा दाखला नाही.”

“मास्तर, तुमच्या सेवानिवृत्तीच्या समारंभाचं इतिवृत्त कपाटात आहे. तुम्हीच लिहिलंय,” करुणन म्हणाले.

“पण वहीत दहाव्या ओळीवर एच्चीचं नाव आहे. नियमाप्रमाणे...”

“दुरुस्ती. दहाव्या ओळीत चिरुता यांच्या जागी कुंजंबू मास्तर असं वाचावं. बाजूने कोण?”

नऊ जणांनी हात वर केले. प्रत्येकाने न टोचलेला हात वर केला, त्यामुळे दृश्य थोडं वेगळं दिसलं, पण बहुमत स्पष्ट होतं. मास्तरांनी दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, आणि भाताची कोठारं आता गावात उरली नव्हती. एच्ची उठली, त्यांच्याजवळ आली आणि हळू आवाजात बोलली, एवढ्या हळू की फक्त त्यांनाच ऐकू जावं.

“पावसाळ्यात तू उशीत तोंड खुपसून खोकतोस. मला ऐकू येऊ नये म्हणून. चार पावसाळे ऐकतेय मी पलीकडच्या खोलीतून. तुला सरळ चल म्हटलं असतं तर आला असतास?”

मास्तरांनी नीट विचार केला. ते प्रामाणिक होते. “नाही.”

“मग? मी ऐंशीची होईन आता. तुझ्यामागे राहायचं माझं वय नाही, कुंजंबू. बस तिथे.”

“एच्ची, भीती वाटते मला.”

हे शब्द त्यांनी उभ्या आयुष्यात मोठ्याने उच्चारले नव्हते. फार मोठ्याने आताही उच्चारले नाहीत, पण हाजींचे कान आखातात जाऊनही तिखट राहिले होते. “काय म्हणाले मास्तर?”

“उकडतंय म्हणाला,” एच्ची म्हणाली आणि त्यांना खुर्चीत बसवून त्यांचा दुसरा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

मास्तर बसले. लिझम्माने बाही वर केली. कापसाचा गारवा लागला, मग सुई. इतकी वर्षं त्यांनी मनात जी सुई बाळगली होती, ती हाजींच्या सुईपेक्षाही लांब होती. ही तिच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही नव्हती. तरी दुखलं. चांगलंच दुखलं. हे मान्य करायला हवं, नाहीतर तळटीप द्यावी लागेल.

“अर्धा तास बसा सगळे,” लिझम्मा म्हणाली.

सगळे बसले. वाचनालयाच्या खिडक्यांत आता बाहेरून वीसेक डोकी दिसत होती. जे चौकातला फ्लेक्स वाचून पळाले होते, ते मास्तर पडतात की काय ते बघायला आले होते. कुणीतरी कट्टन, म्हणजे बिनदुधाचा, चहा आणला. वैद्यर भिंतीपासून सुटले आणि मास्तरांसमोर येऊन उभे राहिले.

“निरीक्षक म्हणून विचारतो. सचिवांचा अनुभव काय?”

मास्तरांना काय बोलायला हवं ते ठाऊक होतं. पुस्तिकेत सुंदर वाक्यं होती. अध्यक्ष मान हलवून त्यांना धीर देत होते, एच्ची शांतपणे पान जुळवत होती, तिने ‘उकडतंय’ म्हणून त्यांची अब्रू झाकली होती. आणखी थोडं गप्प बसलं असतं तरी निभावलं असतं.

“दुखतंय,” मास्तर म्हणाले. “आणि मघाशी मला उकडत नव्हतं. भीती वाटत होती. पासष्ट वर्षं वाटतेय. दाढेच्या वेळी भूल नको म्हणालो तो धीर नव्हता, सुई नको होती. एवढंच.”

कान लाल होऊन ते चहाच्या ग्लासात बघत राहिले. आता हसतील, असं त्यांना वाटलं. कुणी हसलं नाही.

“मला चाळीस हात उंच माडावर काही वाटत नाही,” अंबू म्हणाला. “पण आज पाय लटपटत होते.”

“हजच्या वेळी मी,” हाजी म्हणाले आणि कदीजाकडे बघून थांबले. “हजच्या वेळी यांनी सुई पाहिलीच नाही,” कदीजाने वाक्य पुरं केलं. “आधीच आडवे झाले होते.”

आता मात्र हशा झाला. खिडकीतली डोकीही हसली. देवकीने यशोदाला विचारलं, “तुझा दंड दुखतोय का गं?” आणि मग आपण बोललो हे लक्षात येऊन दोघी गोंधळल्या.

लिझम्मा रिकामी बाटली डब्यात ठेवून निघाली होती. कोमन वैद्यर तिच्या मागोमाग पायरीपर्यंत गेले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, शेंडीवरून हात फिरवला आणि खालच्या आवाजात विचारलं, “सिस्टर, दुसरी बाटली कधी उघडणार?”

“दहा जण जमले की.”

“मी धरून ना?” वैद्यर म्हणाले. “मग उरलेले नऊ मी आणतो. गावातले सुईला भिणारे सगळे माझ्याकडेच औषधाला येतात.”